वाचकांचे प्रश्न : आखूड मॅग्नम आणि अडणारे काडतूस

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे रायफलीत काडतूस अडण्याच्या एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून तीच येथे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर इतरांच्या मानाने बरेच लांबले आहे, परंतु पत्रलेखकांनी मापे इतकी नेटकी पाठवली होती की त्यांना दोन ओळींत वाटेला लावणे बरे दिसले नसते.

प्रश्न : स. न. वि. वि. शिवाजी उद्यमनगरात माझे छोटे मशिन शॉप असून लेथवर माझी ३८ वर्षे गेली आहेत. धाकटा मुलगा न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्च येथे नोकरीस असून तेथील रीतसर परवान्यावर हरणांची शिकार करतो. गेल्या वर्षी त्याने .३०० विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम या आखूड पण ताकदवान काडतुसाची एक वापरलेली बोल्ट-ॲक्शन रायफल घेतली. तिच्या पेटीत (मॅगझिनमध्ये) दोन काडतुसे सहज बसतात, तिसरे जोर देऊनच बसते. बोल्ट (हाताने मागे-पुढे सरकवायचा दांडा) पुढे ढकलताना कधी गोळीची नोक चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेच्या, तोंडाखाली टेकून अडते, तर कधी बोल्ट काडतुसावरून निघून जातो आणि चेंबर रिकामेच राहते. तेथील मित्र म्हणतात की हा आखूड मॅग्नमचा जन्मजात दोष आहे. मुलाने मोजून कळवल्याप्रमाणे पेटीची आतील रुंदी मागच्या बाजूस २२.४ मिलिमीटर आहे. रॅम्पला (पेटीतून चेंबरकडे चढणाऱ्या उताराला) हलकी कानस लावून पॉलिश करावी, असे त्याला सांगू का? की नवा फॉलोअर मीच येथे बनवून पाठवू? — एक वाचक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर नको. फॉलोअर बनवू नका आणि पाठवू तर मुळीच नका. काडतुसांना खालून उचलून धरणारी ती पट्टी तुमच्या दृष्टीने अर्ध्या दिवसाचा जॉब असेल, पण १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे सुटे भाग येतात. ते बनवायला आणि देशाबाहेर धाडायलाही स्वतंत्र परवाने लागतात. उद्यमनगरात काय होऊ शकत नाही हा प्रश्न नाही. काय करू नये एवढाच आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य म्हणजे २२.४ मिलिमीटरचे माप. त्या एका आकड्यावरून मला असे वाटते की ही रायफल मुळात या काडतुसासाठी बनलेली नसावी; .३०८ विंचेस्टरच्या कुटुंबातल्या एखाद्या सडपातळ काडतुसाची रायफल घेऊन कोणीतरी तिची नळी बदलली असावी. असे मला का वाटते, ते तुम्हाला कागदावर मांडून पाहता येईल.

दोन ओळींत आलटून-पालटून काडतुसे बसणाऱ्या पेटीत तीन काडतुसांचे मध्यबिंदू समभुज त्रिकोण करतात, तेव्हा ती सर्वांत शिस्तीत राहतात. या मांडणीत पेटीची रुंदी काडतुसाच्या व्यासाच्या १.८६६ पट यावी लागते. .३०८ चा बुडाचा व्यास ११.९५ मिलिमीटर, म्हणून पेटी हवी सुमारे २२.३ मिलिमीटरची. तुमच्या मुलाचे माप बरोबर तेथेच येते. .३०० शॉर्ट मॅग्नमचा बुडाचा व्यास मात्र १४.१ मिलिमीटर आहे, म्हणजे तिला पेटी हवी २६.३ मिलिमीटरची. चार मिलिमीटरचा हा फरक तुमच्या धंद्यात कोणी ‘क्लिअरन्स’ म्हणून खपवून घेणार नाही.

रुंदी कमी पडली की काडतुसे एकमेकांच्या शेजारी न राहता जवळजवळ एकमेकांच्या डोक्यावर चढतात. नीट मांडणीत प्रत्येक वाढीव काडतूस आपल्या व्यासाच्या निम्मीच उंची खाते, म्हणजे शॉर्ट मॅग्नमला सात मिलिमीटर; तुमच्या अरुंद पेटीत तेच काडतूस ११.४ मिलिमीटर खाते. ज्या खोलीत .३०८ ची पाच काडतुसे मावतात ती सुमारे ३६ मिलिमीटरची, आणि त्या खोलीत तीन शॉर्ट मॅग्नम घालायला ३७ मिलिमीटर लागतात. दोन सहज आणि तिसरे जोर देऊन, असे तुम्ही लिहिले आहे. त्या जोराचा हिशेब हाच एक मिलिमीटर.

पेटीच्या वर रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य सांगाड्याच्या, दोन कडा असतात, ज्यांना रेल म्हणतात. वरचे काडतूस या कडांखाली दाबून धरले जाते आणि बोल्ट त्याच्या बुडाचा जेवढा भाग वर डोकावत असेल तेवढ्यालाच धरून पुढे ढकलतो. कडांमधली फट बारीक काडतुसाच्या मापाने कापलेली असेल, तर जाड काडतूस त्याच फटीतून कमी डोकावते. मोठ्या वर्तुळाची तेवढ्याच रुंदीची जीवा घेतली की तिच्यावरची कमान उथळ होते, हे तुम्हाला सांगायला नको. त्यात भर अशी की शॉर्ट मॅग्नमची रिम (बुडाची कड) तिच्या अंगापेक्षा बारीक आहे. अंग १४.१ मिलिमीटर आणि रिम १३.५९, म्हणजे बोल्टला जे पकडायचे ते अंगाच्या पातळीहून पाव मिलिमीटर आणखी खाली. इतर काडतुसांत हा पाव मिलिमीटर कोणाच्या ध्यानातही येत नाही; येथे मात्र बोल्टच्या वाट्याला मुळातच थोडी पकड उरलेली असल्याने तो काडतुसावरून निसटून पुढे जातो. काडतूस खाली बसल्यामुळे त्याची नोकही खालीच राहते आणि चेंबरऐवजी रॅम्पच्या भिंतीवर टेकते. तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी लिहिल्या आहेत, पण माझ्या मते मूळ एकच आहे.

म्हणून रॅम्पला कानस लावायला मुलाला सांगू नका. रॅम्प गुळगुळीत केल्याने खाली बसलेले काडतूस वर येत नाही. रेल कापून फट वाढवण्याचा मोह त्याला होईल, पण तेथून काढलेले पोलाद परत चढवता येत नाही, आणि फट थोडी जरी जास्त झाली तर काडतूस चेंबरच्या रांगेत येण्याआधीच उसळून बाहेर पडते. असे बिघडलेले रिसीव्हर म्हणजे भंगार. हे काम परवानाधारक बंदूक-कारागिराचेच आहे, आणि त्यानेही ते डमी काडतुसे घालून, थोडे कापून, पुन्हा तपासून, असेच करायचे असते.

काडतूस अडण्यापेक्षा मला अधिक काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. .३०८ ची रिम १२ मिलिमीटरची असल्याने, माझा तर्क खरा असेल, तर या रायफलीच्या बोल्टचे तोंड कोणीतरी मोठे कापलेले असणार. शॉर्ट मॅग्नमच्या बुडाचे क्षेत्रफळ .३०८ च्या तुलनेत सुमारे ३९ टक्क्यांनी मोठे आहे आणि तिचा मान्य कमाल दाबही अधिक, दर चौरस इंचाला ६५,००० पौंड, आहे. म्हणजे गोळी सुटताना बोल्टवर मागे येणारा धक्का बराच वाढतो. त्या बोल्टची, त्याच्या कुलपी दात्यांची आणि हेडस्पेसची (बंद बोल्टच्या तोंडापुढे काडतुसासाठी राहणाऱ्या जागेच्या मापाची) तपासणी जाणकाराकडून होईपर्यंत मुलाने त्या रायफलीतून एकही गोळी झाडू नये. विकणाऱ्याने मूळ काडतूस कोणते होते हे सांगितले नसेल, तर रिसीव्हरवरचा क्रमांक उत्पादकाला कळवून विचारता येते. माझा तर्क चुकला आणि रायफल मूळचीच निघाली, तर कदाचित फक्त पेटी आणि फॉलोअर चुकीचे बसवलेले निघतील. मग प्रकरण स्वस्तात सुटेल.

आता मित्रांच्या ‘जन्मजात दोष’ या शब्दांविषयी. त्यात अर्धे सत्य आहे. .३०० विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम २००१ साली बाजारात आले. १९६३ च्या .३०० विंचेस्टर मॅग्नमची ताकद अर्धा इंच आखूड ॲक्शनमध्ये बसवायची, हा हेतू होता. लांबी कमी केली की दारूसाठी जागा जाडीतून काढावी लागते, म्हणून जुन्या .४०४ जेफ्रीच्या कवचावरून हे बुटके, गुटगुटीत कवच घडवले गेले. त्याचे अंग जवळजवळ सरळ आहे, बुडाशी १४.१० आणि खांद्याशी १३.६७ मिलिमीटर, आणि खांदा ३५ अंशांचा उभा आहे. याउलट १९१२ चे .३७५ एच अँड एच बघा : बुडाशी १३ मिलिमीटर, खांद्याशी ११.४, आणि खांद्याचा उतार १५ अंश. गुऱ्हाळात घाण्याला ऊस लावणाऱ्याला ठाऊक असते की शेंड्याकडून निमुळते होत गेलेले कांडे रुळांत आपसूक शिरते. .३७५ चे काडतूस तसे आहे; ते तिरपे आले तरी चेंबर त्याला ओढून घेतल्यासारखे सरळ करते. शॉर्ट मॅग्नम म्हणजे एका पेल्यात तेवढ्याच मापाचा दुसरा पेला सरकवण्यासारखे असते. शेवटच्या क्षणापर्यंत ते सरळच यावे लागते, आणि आखूड असल्याने सरळ होण्यासाठी त्याच्याकडे वाटही थोडीच असते.

तरीही ज्या रायफलींची पेटी, रेल, फॉलोअर आणि रॅम्प पहिल्यापासून या मापाने काढलेले आहेत, त्यांत हे काडतूस निमूटपणे चालते. काही उत्पादकांनी तर दोन ओळींचा नादच सोडून एकाच ओळीची, काढता येणारी पेटी दिली, ज्यात प्रत्येक काडतूस चेंबरच्या अगदी समोर, मध्यावर येते. तीनच काडतुसे बसतात, पण बसतात ती येतात. दोष काडतुसाचा म्हणावा की बारीक काडतुसाच्या घरात जाड पाहुण्याला कोंबणाऱ्याचा, हे तुम्हीच ठरवा. याच घराण्यातली आणखी बुटकी .२२३ आणि .२४३ सुपर शॉर्ट मॅग्नम काडतुसे २००३ साली आली, तेव्हा लांबी आणखी एक सेंटिमीटरने घटली आणि अडचणीही त्या मानाने वाढल्या. ती फार काळ टिकली नाहीत.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर बोल्टची अर्ध्या इंचाची खेच वाचवण्यासाठी एवढा खटाटोप करणे मला पटलेले नाही. परंतु डोंगरात दिवसभर रायफल वाहणाऱ्याला आखूड ॲक्शनचे वजनही कमी लागते, आणि तुमचा मुलगा न्यूझीलंडच्या डोंगरात चढतो, मी कोल्हापुरात खुर्चीवर बसून लिहितो, हेही खरे आहे. तेथे आपल्या हिमालयातला ताहर (डोंगरी रानबकरा) १९०४ साली नेऊन सोडला गेला, आणि हरीण काय, ताहर काय, तेथील झाडोऱ्याला तो परकाच. म्हणून तेथे शिकारीला मुभा आहे. आपल्याकडचा कायदा अगदी निराळा आहे, हे इतर वाचकांनी लक्षात ठेवावे.

तपासणीनंतर रायफल वापरण्याजोगी ठरली, तर मुलाने एक वही घालावी. प्रत्येक अडथळा कोणत्या बाजूच्या काडतुसाला आला, पहिल्या की शेवटच्या, बोल्ट सावकाश ढकलला की झटक्याने, आणि नोक खाली टेकली की वर, एवढे त्याने लिहून ठेवावे. नेहमी शेवटचेच काडतूस अडत असेल तर फॉलोअरच्या पायरीकडे पाहावे. नेहमी डावेच अडत असेल तर डाव्या रेलकडे. झटक्याने ओढल्यावरच बोल्ट रिकामा पुढे जात असेल तर स्प्रिंग काडतुसाला वेळेवर वर आणत नाही, किंवा ती साफसफाईनंतर उलटी बसवली गेली आहे, हे दुसरे जरा जास्तच वेळा आढळते. कधी कारण बोल्ट पूर्ण मागे न खेचण्याची सवय हेही असते. ही परीक्षा फक्त डमी काडतुसांवर करावी, ज्यांत दारू नाही, जिवंत प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) नाही आणि कवचाला आरपार भोक आहे. तीही खऱ्या काडतुसाच्या लांबीची, म्हणजे ७२.६४ मिलिमीटरच्या आतली आणि मुलगा वापरतो त्याच आकाराच्या गोळीची असावीत. मऊ शिशाच्या उघड्या टोकाची गोळी ज्या रॅम्पवर अडते, त्यावरून कडक प्लॅस्टिक टोकाची गोळी कित्येकदा घसरून जाते.

प्रश्न : मी सैन्यात असताना .३०३ वापरली आहे. शिकारी रायफलींत काहींचा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस चेंबरमधून बाहेर ओढणारा भाग) लांब पंज्यासारखा असतो आणि काहींत बोल्टच्या तोंडात छोटी कडी असते. काडतूस न अडण्याच्या दृष्टीने कोणता प्रकार चांगला? — एक निवृत्त हवालदार, सैनिक टाकळी

उत्तर : लांब पंजाचा प्रकार माउझरच्या रायफलींतून आला आणि १८९८ च्या माउझरमुळे प्रसिद्ध झाला. त्यात काडतूस पेटीतून वर येतानाच त्याची रिम पंज्याखाली सरकते आणि तेथून ते बोल्टच्या ताब्यात राहते. छोट्या कडीच्या प्रकारात बोल्ट काडतुसाला नुसते मागून ढकलतो आणि बोल्ट बंद होताना कडी रिमवर चढते. मधला काही क्षण काडतूस कोणाच्याच ताब्यात नसते.

आपल्याला या फरकाचा खरा उपयोग गडबडीत दिसतो. दुसऱ्या प्रकारात काडतूस चेंबरमध्ये ढकलले, पण दांडी खाली न पाडता बोल्ट परत मागे खेचला, तर ते काडतूस आतच राहते आणि पुढच्या काडतुसाची नोक त्याच्या प्रायमरवर जाऊन टेकते. पंजाच्या प्रकारात ते पहिले काडतूस बोल्टसोबत बाहेर येते. धोकादायक जनावरामागे जाणारे शिकारी पंजाचाच आग्रह धरतात तो यामुळे, आणि तो आग्रह मला योग्य वाटतो. मात्र अशा बऱ्याच रायफलींत सुटे काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट बंद करू नये, कारण पंजा रिमवर चढण्यासाठी घडवलेला नसेल तर तो तुटू शकतो. पेटीची रुंदी आणि रेल चुकलेले असतील तर पंजाही काही करू शकत नाही. जे काडतूस नीट वर आलेच नाही त्याला तो पकडणार कसा?

प्रश्न : आजोबांच्या नावावरची .३१५ रायफल वारसाहक्काने रीतसर माझ्या परवान्यावर आली आहे. मॅगझिनमध्ये काडतुसे भरली की कधी कधी दुसरे काडतूस पुढे सरकतच नाही, बोल्ट जाम होतो. मॅगझिन बदलावे का? रानडुकरे उसाचे फार नुकसान करतात. — एक शेतकरी, गडहिंग्लज तालुका

उत्तर : मॅगझिन बदलण्याआधी काडतुसे कशी भरता ते तपासा. .३१५ चे काडतूस जुन्या ८ मिलिमीटर मॅनलिखर घराण्यातले असून त्याच्या बुडाला अंगाबाहेर आलेली रिम आहे, शॉर्ट मॅग्नमच्या अगदी उलट. वरच्या काडतुसाची रिम खालच्या काडतुसाच्या रिमच्या मागे राहिली, तर बोल्ट वरच्याला पुढे ढकलताना ते खालच्यालाही ओढू पाहते आणि दोन्ही अडकतात. म्हणून प्रत्येक काडतूस भरताना त्याची रिम आधीच्या काडतुसाच्या रिमच्या पुढे पडेल असे पाहावे. एवढे करूनही अडत असेल, तर मॅगझिनच्या वरच्या ओठांपैकी एखादा वाकलेला असण्याची शक्यता आहे. तो पकडीने सरळ करू नका, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या.

रानडुकरांबद्दल एकच सांगतो. शस्त्राचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ११ खाली सक्षम वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी असल्याशिवाय पीक खाणाऱ्या डुकरावरही गोळी झाडता येत नाही, आणि तुमच्या बाजूला आजरा-चंदगडकडून गवेही शेतात उतरत असल्याने अंधारात चुकून गव्यावर गोळी गेली तर प्रकरण फार जड जाईल. नुकसानीचा अर्ज आधी वन विभागाकडे द्या.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात नेमबाजी सुरू झाली आहे. स्वप्नील कुसाळे यांच्या रायफलीलाही बोल्ट असतो, मग काडतूस अडण्याची भीती त्यांना नसते का? — एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात .२२ लाँग रायफलचे काडतूस वापरतात आणि ते प्रत्येक वेळी हाताने एकेक करून भरतात. पेटी नाही, फॉलोअर नाही, रेल नाहीत. त्यामुळे वरच्या पत्रांतले बहुतेक प्रश्न तेथे उद्भवतच नाहीत. खेळाडूला काळजी घ्यावी लागते ती भरण्याच्या पट्टीवर काडतूस सरळ ठेवण्याची, शिशाची नोक चेंबरच्या कडेला घासू न देण्याची आणि चेंबरच्या तोंडाशी साचणारा मेणचट थर वेळच्या वेळी साफ करण्याची. तुम्ही सरावाला बसाल तेव्हा बोल्ट बंद करताना नेहमीपेक्षा थोडाही जास्त जोर लागला, तर जोर वाढवू नका. बोल्ट उघडा, काडतूस बाहेर काढा आणि नोकेवर ओरखडा आहे का ते पाहून प्रशिक्षकांना दाखवा.